पुण्याचे नाक, बर्लिनची पापणी

१/
सोलापूरहून पुण्याकडे निघाले की शहर मागे पडल्यावर मोहोळ तालुक्यात चिंचोळी एमआयडीसी लागते. रसायने, औषधांची कच्ची द्रव्ये, मोटारींचे ओतीव भाग असे उद्योग येथे आहेत. रसायनांचे काम चालणाऱ्या कारखान्यांत एक विशिष्ट नळ बसवलेला असतो. त्याच्या दोन तोट्यांतून पाणी खाली न पडता वर उसळते. डोळ्यांत काही उडाले तर कामगाराने चेहरा त्यावर धरायचा आणि निदान पंधरा मिनिटे डोळे धूत राहायचे, हा त्याचा उपयोग. आम्लापेक्षा अल्कली अधिक घातक ठरते, कारण ती उतींमध्ये खोलवर शिरत जाते. बुबुळ वाचले तरी कधी पापणी जाते. आणि पापणी गेली की वाचलेले बुबुळही फार काळ टिकत नाही.

२/
हरवलेली पापणी पुन्हा घडवता येते का, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की इतिहास त्याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्यात घेऊन जातो. वर्ष १७९३. सवाई माधवरावांची पेशवाई, नाना फडणवीसांचा कारभार. कारागीर इंग्रज नव्हता, त्याच्याकडे पदवी नव्हती आणि त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आज शरीरात विरघळणाऱ्या आधारांवर पापणी उभी करण्याचे जे प्रयत्न चालले आहेत, त्यांच्या वंशावळीत या निनावी माणसाचे स्थान बरेच वरचे आहे. हा धागा त्या वंशावळीचा.

३/
प्रथम पार्श्वभूमी. १७९० ते १७९२ या काळात टिपू सुलतानाविरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी, मराठे आणि निजाम एकत्र लढले. हेच तिसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठी फौजा घेऊन श्रीरंगपट्टणापर्यंत गेले होते. अशा मोहिमेत तोफांइतकेच महत्त्व बैलांना असे. धान्य, दारूगोळा, तंबू हे सारे बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांवर चाले. म्हणून शत्रूची रसद तोडायची तर बैल आणि बैल हाकणारे यांनाच गाठावे लागे.

४/
इंग्रजांच्या बारबरदारीत बैल हाकणारा असाच एक माणूस टिपूच्या हाती लागला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव ‘कावसजी’ असे येते आणि तो शेतकरी जातीचा मराठा असल्याची नोंद आहे. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. नाक कापणे ही केवळ शारीरिक शिक्षा नव्हती. मराठीत ‘नाक कापले’ हा वाक्प्रचार आजही बेअब्रूसाठी वापरला जातो. तो ज्या काळातून आला, त्या काळात ही बेअब्रू अक्षरशः चेहऱ्यावर लिहिली जात असे आणि ती पुसता येणार नाही अशीच व्यवस्था असे. कावसजी श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनीने त्याला निवृत्तिवेतन दिले.

५/
वर्षाहून अधिक काळ तो नाकाशिवाय राहिला. नंतर पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या कुंभार जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. ही शस्त्रक्रिया कशी करतात हे मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, म्हणजे जानेवारी १७९४ मध्ये, कावसजीचे चित्र काढले. वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला होता आणि पेशव्यांच्या दरबारातील व्यक्तिचित्रांसाठी तो ओळखला जातो. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ‘बी. एल.’ अशा आद्याक्षरांनी सही केलेले एक पत्र छापून आले. त्यात ही सारी कृती चित्रासह दिलेली होती.

६/
ती कृती बारकाईने पाहण्यासारखी आहे. कारागीर प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन नाकाच्या उरलेल्या खुंटावर नाकाचा आकार घडवतो. मग तो आकार सपाट करून कपाळावर ठेवतो आणि त्याभोवती रेघ ओढतो. रेघेच्या आतली त्वचा तो सोडवतो, मात्र दोन डोळ्यांच्या मधोमध तिचा एक अरुंद देठ शाबूत ठेवतो. खुंटावरचा जुना व्रण खरवडून ताजा केला जातो आणि त्याच्या मागे एक खाच पाडली जाते. कपाळाची त्वचा अर्धा पीळ देऊन खाली आणली जाते आणि तिच्या कडा त्या खाचेत खोवल्या जातात.

७/
यात टाका कुठेच नाही. जोड धरून ठेवण्यासाठी पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या जात. विड्यात पडतो तोच हा कात. तो वाळला की घट्ट होतो आणि त्यातील तुरट द्रव्ये जखम आकसून धरतात. चार दिवस दुसरे काहीही लावायचे नाही. त्यानंतर तुपात भिजवलेली फडकी. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणे निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधला तो देठ कापून टाकायचा, कारण तोवर नव्या नाकाला खालच्या उतींमधून रक्त मिळू लागलेले असते.

८/
या कृतीतले तीन घटक नीट लक्षात ठेवावेत: मेण, कात आणि त्वचेचा देठ. मेणाने आकार दिला आणि ते बाजूला झाले. काताने जोड धरला आणि चौथ्या दिवशी तो निघाला. देठाने रक्त पुरवले आणि पंचविसाव्या दिवशी तो तुटला. शेवटी चेहऱ्यावर उरले ते केवळ रुग्णाचे स्वतःचे शरीर. आधार द्यावा, शरीराला त्याचे काम करू द्यावे आणि काम झाले की आधाराने नाहीसे व्हावे, हे तत्त्व कुंभाराला अपरिचित असण्याचे कारण नव्हते. ओल्या मातीला चाकाचा आधार लागतो. भाजून झालेल्या मडक्याला तो लागत नाही.

९/
येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पुण्याची ही शस्त्रक्रिया म्हणजे सुश्रुतसंहितेची जशीच्या तशी अंमलबजावणी, असे अनेकदा सांगितले जाते. संहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात नाकाची पुनर्रचना आहेच. पण तेथे माप घेण्यासाठी झाडाचे पान वापरलेले आहे आणि त्वचा गालाची घेतलेली आहे. नाकपुड्यांसाठी दोन नळ्या घालून पतंग, ज्येष्ठमध आणि अंजन यांचे चूर्ण भुरभुरण्यास सांगितले आहे. पुण्याच्या कारागिराने पानाऐवजी मेण, गालाऐवजी कपाळ आणि चूर्णाऐवजी कात वापरला. कपाळाच्या त्वचेला भुवईच्या आतल्या टोकाजवळून भरपूर रक्त मिळते, म्हणून ती गालापेक्षा अधिक भरवशाची ठरते. परंपरा पोथीत थांबून राहिली नव्हती. ती हातांतून पुढे सरकताना सुधारत गेली होती.

१०/
पापणीचा विषयही संहितेत आहे. उत्तरतंत्राच्या सोळाव्या अध्यायात पक्ष्मकोपावर, म्हणजे पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासतात त्या विकारावर, शस्त्रक्रिया दिली आहे. भुवईखालचे दोन भाग सोडून आणि पापणीच्या केसांलगतचा एक भाग राखून, डोळ्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जवाच्या आकाराची त्वचेची पट्टी कापायची. मग केसाने टाके घालायचे, मध आणि तूप लावायचे, कपाळाला पट्टा बांधून त्याला टाक्यांची टोके अडकवायची. जखम पक्की झाली की वैद्याने ते केस काढून घ्यायचे. जास्तीची त्वचा काढून पापणी बाहेर वळवण्याचे हे तत्त्व आजच्या शस्त्रक्रियेलाही परके नाही.

११/
टाक्यांसाठी सुश्रुताने दिलेली सामग्रीही विचार करायला लावते. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात बारीक सूत, अश्मंतकाच्या सालीचा धागा, ताग, जवसाचा धागा, मोरवेल आणि गुळवेल यांचे तंतू, केस आणि स्नायू म्हणजे जनावरांच्या नसांचे तंतू असे पर्याय येतात. यांतील बहुतेक धागे बाहेरून काढावे लागतात. जनावराचा तंतू मात्र शरीर हळूहळू पचवू शकते. चिकित्सास्थानात आतड्याच्या छिद्राच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्यांना चावायला लावण्याची कृती आहे. मुंग्यांचे धड तोडायचे, डोकी आतच ठेवायची आणि पोट शिवायचे. जे पुन्हा बाहेर काढता येणार नाही ते काय वापरावे, हा प्रश्न तेव्हाच पडलेला होता.

१२/
आता युरोपकडे वळू. तेथे १५९७ मध्ये बोलोन्याच्या गॅस्पारे टॅलियाकोत्सी याने दंडाच्या त्वचेतून नाक करण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली होती. त्यात रुग्णाचा हात कित्येक दिवस डोक्याला बांधून ठेवावा लागे. त्याच्यानंतर ही विद्या तेथे जवळजवळ विस्मृतीत गेली. म्हणून १७९४ च्या पत्राने खळबळ उडाली. लंडनचा शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू याने त्यावर वीस वर्षे विचार केला, मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी चेल्सीच्या यॉर्क रुग्णालयात एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. भूल देण्याची पद्धत तेव्हा अस्तित्वात नव्हती. दुसऱ्या रुग्णानंतर, १८१६ मध्ये त्याने दोन्ही शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुण्याजवळच्या कुंभाराची विद्या आता इंग्रजी वैद्यकाच्या कपाटात जाऊन बसली.

१३/
तेथून ती बर्लिनला पोहोचली. कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे याने १८१८ मध्ये ‘र्‍हायनोप्लास्टिक’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यात भारतीय, इटालियन व स्वतःची जर्मन अशा तिन्ही पद्धतींचा विचार केला. नाक जर शेजारच्या त्वचेतून होत असेल तर पापणी का होऊ नये, हा पुढचा प्रश्न होता. गालाच्या त्वचेतून खालची पापणी घडवण्याचा आणि पापणीच्या पुनर्रचनेला ‘ब्लेफॅरोप्लास्टी’ हे नाव देण्याचा मान ग्रेफेकडे जातो. त्याचा मुलगा आल्ब्रेख्त पुढे एकोणिसाव्या शतकातला सर्वांत मोठा नेत्रवैद्य ठरला. १८२९ मध्ये हॅम्बुर्गच्या योहान फ्रिके याने केवळ नव्या पापण्या घडवण्यावर पुस्तक लिहिले. त्यात कानशिलाची त्वचा देठासह वळवून वरची पापणी करण्याची कृती होती. हा देठ म्हणजे पुण्याच्याच देठाचा चुलतभाऊ.

१४/
मात्र पापणी नाकापेक्षा कठीण निघाली. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ त्वचा असते, पण पापणी म्हणजे नुसती त्वचा नव्हे. तिचे दोन थर असतात. पुढच्या थरात त्वचा आणि डोळा मिटणारा स्नायू. मागच्या थरात टार्सस नावाची चिवट पट्टी आणि तिच्या आतून बुबुळाला भिडणारे गुळगुळीत अस्तर. टार्सस साधारण २५ मिलिमीटर लांब आणि १ मिलिमीटर जाड असते. वरच्या पापणीत तिची उंची सुमारे १० मिलिमीटर आणि खालच्या पापणीत सुमारे ४ मिलिमीटर असते. या पट्टीमुळेच पापणी ताठ राहते आणि मिनिटाला सुमारे १५ वेळा डोळ्यावर अश्रूंचा थर सारखा पसरवते. नुसती गालाची त्वचा आणून लावली तर ती काही महिन्यांत आकसते, लोंबते आणि तिची कड डोळ्याला टोचू लागते.

१५/
१८७५ मध्ये ग्लासगोच्या जॉन राइसबर्ग वुल्फ याने हाताची पूर्ण जाडीची त्वचा, कोणताही देठ न ठेवता, खालच्या पापणीसाठी वापरली आणि ती तगली. येथे मात्र एक मर्यादा आहे. देठ नसलेल्या त्वचेला खालच्या पलंगातून रक्त मिळावे लागते. म्हणून पुढचा आणि मागचा, असे दोन्ही थर देठाविना आणून एकमेकांवर ठेवले तर दोन्ही मरतात. दोहोंपैकी निदान एकाला स्वतःचा रक्तपुरवठा हवा, हा नियम आजही प्रत्येक शल्यवैद्य शिकतो. पुण्याच्या कारागिराने डोळ्यांमधला तो अरुंद पूल पंचवीस दिवस राखला, त्यामागे हेच ज्ञान होते.

१६/
पहिल्या महायुद्धाने या विद्येची कठोर परीक्षा घेतली. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या नाविक युद्धात ‘वॉरस्पाइट’ युद्धनौकेवरील वॉल्टर यिओ याच्या वरच्या आणि खालच्या पापण्या जळून गेल्या. सर हॅरॉल्ड गिलीज यांनी १९१७ मध्ये छातीवरची त्वचा देठासह वर आणून त्याच्या डोळ्यांभोवती मुखवट्यासारखी बसवली. १९३७ मध्ये अमेरिकेच्या वेंडेल ह्यूज यांनी मागच्या थरावर तोडगा काढला. वरच्या पापणीतील टार्ससचा तुकडा त्याच्या अस्तरासह खाली ओढून खालच्या पापणीचा मागचा थर करायचा आणि वरून त्वचा लावायची. परिणाम उत्तम होता, पण त्यासाठी तो डोळा कित्येक आठवडे मिटलेला ठेवावा लागे. ज्याला एकाच डोळ्याने दिसते त्याच्यासाठी हे आठवडे आंधळेपणाचे ठरतात.

१७/
याच काळात शिवणाच्या धाग्याची कथा समांतर चालली होती. मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून केलेल्या धाग्याला ‘कॅटगट’ म्हणतात. त्यात मांजराचा काहीही संबंध नाही. पिंजाऱ्याच्या धनुकलीला लावतात ती तात हीच त्याची मराठी भावंड. आधीच्या शस्त्रक्रियांत रक्तवाहिन्या रेशमाने बांधून त्याची लांब टोके जखमेबाहेर लोंबती ठेवत. पू झाला की ती टोके ओढून काढायची. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात मुरवलेली तात वासरावर वापरून पाहिली आणि १८६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. धागा आत राहिला, शरीराने त्याची जागा स्वतःच्या उतींनी भरली आणि जखम बंद करता आली. आतच राहून नाहीशा होणाऱ्या वस्तूला आता शास्त्रशुद्ध स्थान मिळाले.

१८/
तातेचा एक दोष होता. ती प्राण्यांची प्रथिने असल्याने शरीर तिच्यावर हल्ला करून तिला पचवते. त्यामुळे सूज येते आणि ती किती दिवस टिकेल याचा नेम राहत नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेत ग्लायकोलिक आम्लाच्या साखळ्यांपासून केलेला कृत्रिम धागा आला. पाठोपाठ ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्ल मिळून केलेला धागाही आला. यांना पचवावे लागत नाही. शरीरातल्या पाण्यानेच त्यांच्या साखळ्या तुटतात. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे तेच आम्ल. धावताना स्नायूंतही ते तयार होते. म्हणून शेवटी उरणाऱ्या कणांचे काय करायचे हे शरीराला आधीपासून ठाऊक असते. त्यांचे पाणी आणि कर्बवायू होतात.

१९/
धागा विरघळतो तर पट्टी का नाही? या विचारातून विरघळणारे इम्प्लांट आले. डोळ्याच्या खोबणीचा मोडलेला तळ झाकण्यासाठी आणि चेहऱ्याची हाडे जुळवण्यासाठी असे पत्रे आणि स्क्रू वापरात आहेत. पापणीत मागच्या थराची जागा घेण्यासाठी आजवर कानाची कूर्चा, टाळूचे अस्तर, नाकाच्या पडद्याचा तुकडा असे पर्याय वापरले गेले. त्या प्रत्येकासाठी शरीराच्या दुसऱ्या जागी जखम करावी लागते. कायमस्वरूपी कृत्रिम आधार ठेवले तर पापणीच्या पातळ त्वचेतून ते बाहेर डोकावण्याचा धोका राहतो. विरघळणारी जाळीदार पट्टी काही महिने पापणी ताठ धरते, तिच्या छिद्रांतून रुग्णाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या शिरतात आणि पट्टी विरून गेल्यावर त्या पेशींनी विणलेला थर मागे राहतो, अशी या प्रयोगांमागची कल्पना आहे.

२०/
इतिहास येथेही सावध करतो. नेदरलँड्समध्ये गालाच्या मोडलेल्या हाडासाठी पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पट्ट्या वापरल्या गेल्या. सुरुवात चांगली झाली. पण सुमारे तीन वर्षांनी रुग्ण त्याच जागी सूज घेऊन परत आले, कारण पट्ट्यांचे बारीक स्फटिक अजून आत रेंगाळत होते. फार हळू विरघळले तर सूज, फार लवकर विरघळले तर पापणी आकसते. पट्टीची कड कडक राहिली तर बुबुळ खरचटते. म्हणजे आधाराने केव्हा जायचे, हा प्रश्न आधार कसा द्यायचा याइतकाच कठीण आहे. पुण्याच्या कारागिराने त्याचे उत्तर दिवसांत मोजून ठेवले होते. कातासाठी चार दिवस, देठासाठी पंचवीस. हे आकडे कोणत्याही प्रयोगशाळेत ठरलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून ते आले होते.

२१/
या कथेचे एक वळण पुन्हा पुण्याकडे येते. हुबळीत १९२२ मध्ये जन्मलेले डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडमध्ये गिलीज यांच्याकडे प्लास्टिक सर्जरी शिकले. परतल्यावर १९५० च्या दशकात त्यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम केले. कुष्ठरोगात चेहऱ्याची मज्जा बधिर होते, पापण्या मिटत नाहीत, बुबुळ कोरडे पडते आणि माणूस हळूहळू आंधळा होतो. नाकही बसते. समाजाने टाकलेल्या या माणसांना चेहरा परत देणे हे अंतियांनी आपले काम मानले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. पुण्याच्या आसपासून निघालेली विद्या लंडन, बर्लिन, हॅम्बुर्ग आणि पुन्हा इंग्लंड असा प्रवास करून पुण्याच्याच वेशीवर आली.

२२/
अंतिया तेवढ्यावर थांबले नाहीत. आरोग्याचे ज्ञान डॉक्टरांच्या कुलपात का असावे, असा प्रश्न त्यांनी विचारला. १९७५ मध्ये त्यांनी सामुदायिक आरोग्यासाठी संशोधन संस्था स्थापन केली आणि अलिबाग तालुक्यातील मांडव्याच्या परिसरात खेड्यातल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. अक्षरओळख बेताची असलेल्या बायका आजार ओळखू शकतात आणि उपचार करू शकतात, हे तेव्हाच्या वैद्यकीय वर्तुळाला पटणे सोपे नव्हते. कुंभाराच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियेतून जगाची एक आधुनिक विद्या जन्मली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मात्र त्यात नवल वाटू नये.

२३/
आता पुन्हा चिंचोळी. लॅक्टिक आम्ल साखरेच्या किण्वनातून तयार करता येते आणि सोलापूर हा उसाचा व साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यात जेजुरीजवळ प्राज इंडस्ट्रीजने पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या जैव-बहुवारिकांचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. त्याचा मुख्य रोख प्लास्टिकला पर्याय देण्यावर आहे. शरीरात ठेवायच्या वस्तूसाठी लागणारी शुद्धता याहून कितीतरी वरची असते, आणि उसाच्या फडापासून पापणीपर्यंतचे अंतर मोठे आहे. पण ज्या कामगाराची पापणी रसायनाने किंवा उडालेल्या धातूच्या कपचीने जाते, त्याला कान, टाळू किंवा मिटलेल्या डोळ्याचे आठवडे न देता ती परत मिळावी, यासाठी लागणारे ज्ञान आणि माल दोन्ही याच प्रदेशाच्या आवाक्यात येत आहेत. तोवर भिंतीवरचा तो उसळत्या पाण्याचा नळ चालू स्थितीत असणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

२४/
शेवटी हिशेब मांडू. या इतिहासात रुग्णाचे नाव आहे. पाहणाऱ्या दोन वैद्यांची नावे आहेत. चित्रकाराचे नाव आहे. पत्र लिहिणाऱ्याची आद्याक्षरे आहेत. कार्प्यू, ग्रेफे, फ्रिके, वुल्फ, ह्यूज यांची नावे पाठ्यपुस्तकांत आहेत. नाव नाही ते फक्त शस्त्र हाती धरणाऱ्याचे. पत्रात त्याची जात लिहिली गेली आणि लिहिणाऱ्याला तेवढे पुरेसे वाटले. वेल्सच्या चित्रात कावसजी कपाळावरची खूण आणि नवे नाक घेऊन समोर पाहतो. त्या चित्राचे मूळ शिल्प त्याचा चेहरा आहे आणि शिल्पकार चौकटीबाहेर उभा आहे. पुढच्या वेळी कोणी ‘प्लास्टिक सर्जरीचा जनक कोण?’ असे विचारले, तर नावांची यादी सुरू करण्यापूर्वी पहिली ओळ रिकामी सोडावी. ती जागा त्याची आहे.